गळू, करट, काळपुळी : शेकायचं कधी, दवाखाना गाठायचा कधी

सख्यांनो, उन्हाळा लागला की गटाच्या बैठकीत एक गोष्ट हमखास दिसते. सगळ्याजणी मांडी घालून बसलेल्या आणि एखादी भिंतीला टेकून उभी. "बस की गं," म्हटलं तर "नको, बरी आहे उभी," असं उत्तर येतं. काय झालंय ते ती सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. अवघड जागेचं दुखणं अन् जावई डॉक्टर, ही म्हण उगीच नाही पडली. पण या लाजेपायी साधं गळू आठ-दहा दिवस अंगावर काढलं जातं, मग ताप येतो, मग रजा पडते. म्हणून आरोग्याच्या या पाठात आपण गळवाबद्दलच बोलणार आहोत, आणि मोकळं बोलणार आहोत.

आपल्या भाषेत याला नावं किती आहेत बघा. केसाच्या मुळाशी येतं ते केसतूड. जरा मोठं, ठसठसणारं ते करट किंवा गळू. काखेत आलं की काखमांजरी. पापणीच्या कडेला आली की रांजणवाडी. नखाच्या कडेला सुजून ठणका लागला की नखुरडं. मानेवर किंवा पाठीवर चार-पाच तोंडांचं, चाळणीसारखं येतं ती काळपुळी. आयाबायांनी ही नावं नीट पारखून ठेवली होती, कारण प्रत्येकाची जागा वेगळी आणि धोकाही वेगळा. या बहुतेकांच्या मागचं कारण मात्र एकच आहे.

हे होतं कशानं?

"अंगात उष्णता झाली", "आंबे जास्त खाल्ले", "रक्त खराब झालंय" ही आपली ठरलेली उत्तरं. आंब्याचा आणि गळवाचा संबंध एवढाच, की दोन्ही एकाच हंगामात येतात. आंब्याचा चीक ओठाला, गालाला लागला तर तिथं चट्टा उठू शकतो, पण रस खाल्ल्यानं गळू येत नाही. रक्तशुद्धीच्या बाटल्यांवर पैसे घालवण्यात तर काहीच अर्थ नाही. रक्त गढूळ पाण्यासारखं खराब होत नसतं.

खरं कारण म्हणजे एक जंतू. स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीन शहरात अलेक्झांडर ऑगस्टन नावाचे शस्त्रवैद्य होते. त्यांनी १८८० च्या सुमारास गळवातला पू सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. त्यात त्यांना गोल गोल जंतूंचे घोस दिसले, अगदी द्राक्षांच्या घडासारखे. म्हणून जंतूचं नाव पडलं स्टॅफिलोकोकस. ग्रीक भाषेत स्टॅफिली म्हणजे द्राक्षांचा घड.

हा जंतू कुठं बाहेरून शोधून आणावा लागत नाही. साधारण तीन माणसांत एकाच्या नाकात तो राहतच असतो, आणि त्या माणसाला काही त्रासही नसतो. नाकात बोट जातं, तेच बोट घामोळं खाजवतं, कातडीवर बारीक ओरखडा पडतो आणि जंतू केसाच्या मुळातून आत शिरतो. शरीर त्याच्याशी लढायला पांढऱ्या पेशी पाठवतं. या लढाईत मेलेल्या पेशी, मेलेले जंतू आणि सडलेला भाग मिळून जे होतं तो पू. शरीर त्याच्याभोवती भिंत घालतं, म्हणजे तो पसरू नये. ती भिंत आणि आतला पू, हेच गळू.

ही भिंत लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

घाम, घट्ट सिंथेटिक कपडे, मांड्या एकमेकींवर घासणं, काखेतले केस ब्लेडनं काढणं, एकच टॉवेल चौघांनी वापरणं, या सगळ्यांमुळे जंतूला वाट मिळते. आणि रक्तातली साखर वाढलेली असेल तर शरीराची लढाईच लंगडी पडते. त्यावर पुढं वेगळं बोलू.

कंपनीतलं तेल घरात येतं

आपल्या भागात आणखी एक कारण आहे, ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पिंपळे सौदागरला आज टोलेजंग सोसायट्या दिसतात, पण आपल्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस नाहीतर पोरगा भोसरीला किंवा चाकणला मशीनवर उभा असतो. लेथ, सीएनसी, ग्राइंडिंग. तिथं लोखंड कापताना तेल किंवा कुलंट उडतं. ते बाह्यांवर आणि मांड्यांवर बसतं, कापडात मुरतं, आणि दिवसभर तेलकट कापड कातडीला घासत राहिलं की केसांची मुळं बुजतात. मग दंडावर, मनगटाच्या वर, मांडीच्या पुढच्या बाजूला काळी टोकं असलेल्या पुटकुळ्या येतात. त्यातल्या काही पिकतात आणि त्यांची गळवं होतात. तेलानं भिजलेला पुसायचा कपडा पँटच्या खिशात ठेवायची सवय असेल तर बरोबर त्याच जागी मांडीवर पुरळ येतं. लोखंडाची बारीक बर त्या कपड्यात अडकलेली असते, तिनं ओरखडे पडतात ते वेगळंच.

घरी आल्यावर काय होतं? तो युनिफॉर्म खुंटीला टांगला जातो आणि दुसऱ्या दिवशी तसाच अंगात चढतो. नाहीतर लहान पोराच्या लंगोटाबरोबर एकाच बादलीत भिजतो.

यावर उपाय अवघड नाही. कंपनीचे कपडे वेगळ्या बादलीत, रोज किंवा निदान एक दिवसाआड धुवायचे. दोन जोड असतील तर सोपं जातं. तेलाचा कपडा खिशात ठेवायचा नाही. शिफ्ट सुटली की कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे. थिनर, रॉकेल, पेट्रोल यांनी हात धुतले की तेल निघतं खरं, पण कातडीचं स्वतःचं तेलही निघून जातं, ती फुटते आणि जंतूला दार उघडं होतं. पुरळ फार असेल तर सुपरवायझरला सांगून एप्रन आणि मशीनचं गार्ड नीट लावून घ्यायला पाहिजे. पोरं हे ऐकत नाहीत. पण धुणं आपल्या हातात आहे, निदान तेवढं तरी करता येतं.

आणि ज्या सख्या सोसायट्यांमध्ये धुणंभांडी करतात त्यांचं दुखणं म्हणजे नखुरडं. सकाळी सात ते दुपारी दोन हात पाण्यात, नखाच्या कडेचं कातडं सालटलेलं, त्यात भांड्याच्या साबणाची जळजळ. रबरी मोजे मागून घ्यायला लाजू नका. मोजे आतून ओले झाले तर उलटे करून वाळवा. काम संपलं की हात कोरडे पुसून खोबरेल तेल चोळा. नखाच्या कडेची साल दातानं ओढू नका, सगळी सुरुवात तिथूनच होते.

घरी काय करायचं?

सुश्रुतसंहितेत गळवाच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत : आम म्हणजे कच्चं, पच्यमान म्हणजे पिकत असलेलं, आणि पक्व म्हणजे पिकलेलं. आजचे डॉक्टरही हात लावून हेच बघतात. कच्चं गळू लाल, गरम आणि दगडासारखं कडक असतं. पिकलं की मधे मऊ लागतं, कधी पिवळं तोंड दिसतं.

लहान गळू असेल, ताप नसेल आणि माणूस एरवी धडधाकट असेल, तर शेक हा खरा घरगुती उपाय. स्वच्छ सुती कापड गरम पाण्यात भिजवायचं, पिळायचं आणि गळवावर ठेवायचं. पाणी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल एवढंच गरम हवं. गार झालं की परत भिजवायचं. असं दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. उष्णतेनं तिथं रक्त जास्त येतं, लढाईला जोर चढतो, आणि गळू एक तर जिरतं किंवा तोंड धरतं. दोन-चार दिवसांत फरक दिसायला पाहिजे. शेकायचं कापड दुसऱ्या कुणी वापरायचं नाही, उकळत्या पाण्यात टाकून उन्हात वाळवायचं. साखर असणाऱ्या सखीच्या पायाला बधिरपणा असतो, तिला चटका कळत नाही. तिचं पाणी दुसऱ्या कुणीतरी हात घालून बघावं.

अळशीचं किंवा कणकेचं पोटीस आपल्या आज्या बांधायच्या. त्यात गुण आहे तो मुख्यतः उबेचा. कातडी न फुटलेल्या गळवावर, कापडात गुंडाळून, सोसेल एवढं गरम पोटीस ठेवलं तर हरकत नाही. पण गळू फुटलं असेल तर त्यावर कणीक, भाजलेला कांदा, हळद, राख असलं काही भरू नका. शेण तर चुकूनही नको, त्यात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. चुना-गूळ लावल्यानं कातडी भाजते. बिब्ब्याचं तेल लागलं तर त्यानं स्वतःचेच मोठे फोड उठतात, आणि मग मूळ गळू कोणतं आणि बिब्ब्याचा फोड कोणता हे डॉक्टरलाही शोधावं लागतं.

दाबायचं नाही. सुईनं, बाभळीच्या काट्यानं, ब्लेडनं फोडायचं नाही. आपण वर म्हटलं ना, शरीरानं भिंत घातलेली असते. वरून जोर दिला की पू बाहेर येण्याऐवजी भिंत आतून फुटते आणि जंतू खोल जातो, कधी थेट रक्तात.

आपोआप फुटलं तर साबणानं हात धुवा, वाहता पू स्वच्छ कापडानं टिपून घ्या, जखम स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं धुवा, वर कोरडी पट्टी लावा. पट्टी ओली झाली की बदला. जुनी पट्टी पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, चुलीपाशी ठेवू नका. तो पू म्हणजे जिवंत जंतूंचं भांडार आहे. हाताला गळू वाहत असेल तेव्हा शक्यतो स्वयंपाक दुसऱ्या कुणी करावा, आणि गटातर्फे पापड, मसाले, डबे करणाऱ्या सखीनं तर त्या दिवसांत पिठात हात घालूच नये. हेच जंतू अन्नात वाढले की उलट्या-जुलाब होतात.

एचए कंपनी आणि गोळ्यांची गोष्ट

"मेडिकलमधून दोन कॅप्सूल आणल्या, तरी गळू बसेना," अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बसणार कसं? गोळीचं औषध रक्तातून जातं. पुवाच्या पिशवीच्या आत रक्तच नीट पोचत नाही. त्यामुळे पिकलेल्या गळवाला गोळ्या हा मुख्य उपाय नाहीच. पू काढणं हाच उपाय, गोळ्या त्याच्या जोडीला. त्या लागतात की नाही हे डॉक्टर ठरवतील.

गोळ्यांना किंमत नाही असं मात्र नाही. १९४१ सालची गोष्ट. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा पोलीस शिपाई होता. चेहऱ्यावर संसर्ग झाला, जागोजागी गळवं झाली, एक डोळा काढावा लागला. फेब्रुवारीत त्याला त्या वेळी नवं असलेलं पेनिसिलीन टोचलं. चार-पाच दिवसांत ताप उतरला, माणूस जेवायला लागला. पण जगात पेनिसिलीन होतंच किती? ते संपलं. त्याच्या लघवीतून औषध परत गाळून त्यालाच दिलं, तेही पुरलं नाही. मार्चमध्ये तो गेला.

तेच औषध आपल्या देशात सरकारी कारखान्यात पहिल्यांदा कुठं बनायला लागलं? आपल्या शेजारी, पिंपरीत. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे आपली एचए कंपनी, १९५४ साली स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची तिला मदत होती. १९५५ पासून पेनिसिलीन तयार होऊ लागलं. एचए कॉलनीवरून बस जाते तेव्हा पोरांना हे सांगायला हरकत नाही.

पण आज साध्या पेनिसिलीननं बहुतेक गळवं बरी होत नाहीत, कारण द्राक्षाच्या घडासारखा तो जंतू पेनिसिलीन तोडायला शिकला. नंतरची औषधंही तो एकेक करून पचवत चाललाय. अर्धवट गोळ्या घेऊन सोडल्या, शेजारणीच्या उरलेल्या स्ट्रिपमधल्या दोन घेतल्या, सर्दीला अँटिबायोटिक खाल्लं, की त्याला शिकायला आणखी संधी मिळते. डॉक्टरांनी जितक्या दिवसांच्या गोळ्या दिल्या तितके दिवस घ्या. आणि दुकानातून आणलेल्या "खाज, गजकर्ण, फोड सगळ्याला चालणाऱ्या" ट्यूब गळवाला लावू नका. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. लाली कमी दिसते, आणि आत संसर्ग वाढत राहतो.

कधी थांबायचं नाही?

नाकावर, नाकात, वरच्या ओठावर किंवा डोळ्याजवळ गळू आलं तर हात लावायचा नाही, डॉक्टरला दाखवायचं. तिथल्या शिरांचा संबंध डोक्याच्या आतल्या शिरांशी आहे. अशा गळवाबरोबर डोळा सुजला, फार डोकं दुखलं, नजर बदलली, तर त्याच तासाला मोठा दवाखाना.

ताप, थंडी वाजणं, गळवापासून वर चढत जाणारी लाल रेघ, तासातासाला पसरणारी लाली, दिसतंय त्यापेक्षा कितीतरी जास्त असह्य दुखणं, कातडी काळी पडणं, माणूस गळून जाणं किंवा बरळणं, ही सगळी रक्तात जंतू गेल्याची किंवा आतलं मांस सडत असल्याची खूण असू शकते. १०८ ला फोन लावा. पायाला गळू आल्यावर जांघेत दुखरी गाठ येते, तिला आपण अवधाण म्हणतो. ती गाठ म्हणजे नवं गळू नव्हे. पण संसर्ग वर सरकतोय एवढं ती सांगते.

लिंबाएवढं मोठं झालं, गुदद्वाराजवळ आलं, चार दिवस शेकूनही बसलं नाही, तान्ह्या बाळाला किंवा गर्भार बाईला झालं, तर घरी बसू नका. यशवंतराव चव्हाण रुग्णालय, औंधचं जिल्हा रुग्णालय, चाकणकडच्यांना ग्रामीण रुग्णालय आहे. चिरा द्यायचा म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. पण बहुतेक वेळा जागा बधिर करून काही मिनिटांत होतं. पू निघाला की ठणका लगेच उतरतो, त्या रात्री झोप लागते. नंतर कधी जखमेत गॉजची वात ठेवतात. "वरून शिवून का टाकलं नाही?" असं नातेवाईक विचारतात. वरून बंद केलं तर आत परत पू साचतो. जखम तळापासून भरत वर यायला हवी, म्हणून ड्रेसिंगच्या तारखा चुकवू नका.

अंगावर पाजणाऱ्या बाईचं थान पिकलं तर घरात पहिलं वाक्य येतं, "बाळाला पाजू नकोस." हे उलट आहे. दूध साचलं की दुखणं वाढतं. दुसऱ्या बाजूचं तर पाजायचंच, दुखऱ्या बाजूचंही शक्य असेल तर पाजायचं किंवा हलक्या हातानं काढून टाकायचं. जोरानं चोळायचं नाही. पाजताना चालणारी औषधं आहेत, कधी सोनोग्राफीत बघून सुईनंच पू काढतात. आणि जी बाई पाजत नाही तिच्या स्तनाला लाली, सूज, गाठ आली आणि औषधानं ती गेली नाही, तर कर्करोग नाही ना याची तपासणी करून घ्यायलाच हवी.

परत परत येत असेल तर

इथं सगळ्यात आधी साखर तपासा. काळपुळी झालेल्या कितीतरी माणसांना आपल्याला मधुमेह आहे हे त्या काळपुळीमुळेच कळतं. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त आली तर परत तपासून डॉक्टर निदान करतात. साखर ताब्यात आल्याशिवाय जखम भरत नाही, मग कितीही मलम फासा. तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि बीपी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. त्यासाठी गळू यायची वाट बघायला नको.

दुसरं म्हणजे घरातली फिरती. आज पोराला, पुढच्या महिन्यात आईला, मग नवऱ्याला, असं चाललं असेल तर जंतू घरातच मुक्काम ठोकून आहे. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, ब्लेड वेगळं, नखं कापलेली, चादरी-उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुवून कडक उन्हात. जरूर पडली तर डॉक्टर नाकात लावायचं मलम घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी देतात. एकट्यानं लावून उपयोग होत नाही.

तिसरं, सगळी गळवं ही गळवं नसतात. काखेत, जांघेत, स्तनाखाली वर्षानुवर्षं गाठी येतात, फुटतात, व्रण राहतात, त्याला हायड्राडेनायटिस म्हणतात. तो अस्वच्छतेचा आजार नाही, कुणाला लागत नाही, त्याला त्वचारोगतज्ज्ञच लागतो. अशा बाईला "अंघोळ नीट करत जा" असं ऐकवणं हा निव्वळ अन्याय आहे. माकडहाडाच्या खाचेत वारंवार पू होत असेल, विशेषतः दिवसभर गाडी चालवणाऱ्या पोरांना, तर तिथं आत केस रुतून नळी झालेली असते, ती शस्त्रक्रियेनं काढतात. आणि मानेला, बरगडीवर किंवा पाठीला न दुखणारं, गरम न लागणारं, हळूहळू वाढणारं मऊ गळू आलं, सोबत बारीक ताप आणि वजन घटत असेल, तर क्षयाची तपासणी करा. असलं थंड गळू कुणाकडूनही फोडून घेऊ नका, वाहती नळी राहून जाते. क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

समजा एका सखीची तीन घरची कामं आहेत. तिसऱ्या दिवशी चिरा दिला तर दोन-तीन दिवस खाडा पडेल. पंधराव्या दिवशी ताप घेऊन भरती झाली तर महिनाही जाईल, एखादं घर हातचं जाईल, गटाचा हप्ताही थकेल. आजारपणासाठी गटातून अंतर्गत कर्ज घेता येतं, ते शेवटच्या दिवशी नाही तर पहिल्या दिवशी मागा. सचिवताईंनी अशा अर्जाला बैठकीची वाट बघायला लावू नये. अध्यक्षांना फोन करून त्याच दिवशी पैसे द्यावेत आणि पुढच्या बैठकीत ठरावात नोंद घ्यावी.

या महिन्याच्या बैठकीत आरोग्यसखीनं दोन याद्या कराव्यात : तिशीपुढच्या किती सख्यांची साखर वर्षभरात तपासलेली नाही, आणि वर्षात दोनदा किंवा जास्त वेळा गळू कुणाला झालं. दुसरी यादी बैठकीत मोठ्यानं वाचायची नाही. नावं आरोग्यसखीकडेच राहतील, आणि ज्यांना एकटीनं दवाखान्यात जायला संकोच वाटतो त्यांच्याबरोबर ती जाईल.